महाराजा तुकोजीराव होळकर (द्वितीय) : जुन्या दौलतीची नवी घडी

इंदूरच्या होळकर घराण्यात तुकोजीराव या नावाचे तीन पुरुष गादीवर आले. पहिले सुभेदार तुकोजीराव. देवी अहिल्याबाईंच्या हयातीत त्यांनी फौजेची धुरा वाहिली आणि बाईंच्या पश्चात दोन वर्षे दौलतीचा भार सांभाळला. तिसरे तुकोजीराव विसाव्या शतकात राज्य करून १९२६ साली गादीवरून दूर झाले. या दोहोंच्या मधले द्वितीय तुकोजीराव. इ. स. १८४४ ते १८८६ अशी बेचाळीस वर्षे ते इंदूरच्या गादीवर होते. पहिल्यांच्या नावावर लढाया आहेत, तिसऱ्यांच्या नावाभोवती विसाव्या शतकातील वादळे आहेत. द्वितीय तुकोजीरावांच्या नावावर मात्र एक कापडाची गिरणी, एक रेल्वे आणि कारभाराची नवी घडी आहे. फौजेच्या बळावर उभी राहिलेली दौलत फौजेचे दिवस संपल्यावर कशी चालवावी, हा प्रश्न त्यांच्या वाट्याला आला होता. त्यांच्या चरित्राचे मोल या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तरात आहे.

प्रश्न समजण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. थोरल्या मल्हाररावांनी उभारलेली होळकरांची दौलत ही मूलतः एक लष्करी संस्था होती. पागा आणि शिलेदार हा तिचा कणा, मुलूखगिरी हा तिचा उद्योग आणि चौथाई व खंडणी हे तिच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. अहिल्याबाईंनी तिला न्यायाची आणि मुलकी शिस्तीची जोड दिली. परंतु १७९५ साली त्या निवर्तल्यानंतर दौलतीचा तोल पुन्हा तलवारीकडे झुकला. यशवंतराव होळकरांचे पराक्रमी परंतु अस्थिर पर्व १८११ साली संपले. पुढे २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या रणांगणावर होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौर येथे तह झाला. या तहाने राजपुतान्यातील खंडणीचे हक्क गेले, सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख गेला आणि इंग्रजांचा रेसिडेंट दरबारी आला. ज्या कामासाठी ही संस्था जन्मास आली होती ते कामच एका कागदाने बंद झाले. माणसे, मानमरातब, खर्च आणि सवयी मात्र पूर्वीच्याच राहिल्या.

तहाची बोलणी करणारे मुत्सद्दी तात्या जोग यांनी हे ओळखले होते. अल्पवयीन तृतीय मल्हाररावांच्या वतीने त्यांनी कारभार हाती घेतला, इंदूरला राजधानी आणली, फौज कमी केली आणि ओसाड पडलेली गावे पुन्हा वसविण्याचा उद्योग आरंभिला. १८२६ साली त्यांचे निधन झाले आणि ती घडी पुन्हा विस्कटली. १८३३ साली मल्हारराव, १८४३ साली हरिराव आणि १८४४ च्या फेब्रुवारीत खंडेराव असे तीन धनी अकरा वर्षांच्या आत दिवंगत झाले. वारसाचा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उभा राहिला आणि प्रत्येक वेळी दरबारातील गटांना बळ मिळाले.

अशा वेळी माँसाहेब कृष्णाबाई यांच्या पसंतीने आणि रेसिडेंट रॉबर्ट हॅमिल्टन यांच्या संमतीने भाऊ होळकर यांच्या नऊ वर्षांच्या मुलाची निवड झाली. ३ मे १८३५ रोजी जन्मलेला हा मुलगा २७ जून १८४४ रोजी तुकोजीराव या नावाने गादीवर बसला. थोड्याच वर्षांत, १८४९ साली, कृष्णाबाईंचे निधन झाले. कान्ह नदीकाठची छत्री आणि कृष्णपुरा हे नाव त्यांची आठवण आजही जागती ठेवतात. तुकोजीरावांच्या शिक्षणाची व्यवस्था मुन्शी उमेदसिंग यांच्याकडे होती, तर कारभारात रामराव पळशीकर यांच्यासारखे अनुभवी मुत्सद्दी होते. याच काळात इंदूर शहरही लिहू-वाचू लागले होते. १८४१ पासून इंदूर मदरशात नव्या पद्धतीचे शिक्षण मिळू लागले, १८४९ मध्ये ‘मालवा अखबार’ हे साप्ताहिक निघाले आणि १८५४ मध्ये इंदूर जनरल लायब्ररीची स्थापना झाली. तरुण राजाच्या भोवतीचे जग असे हळूहळू बदलत होते.

१८५२ साली तुकोजीरावांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले, तेव्हा त्यांचे वय सतरा वर्षांच्या आत होते. त्यांचा स्वभाव त्या काळच्या राजेरजवाड्यांपेक्षा निराळा होता. शिकार आणि समारंभ यांपेक्षा हिशेबाच्या वह्यांकडे त्यांचा ओढा अधिक होता. जमाखर्च स्वतः पाहावा, कोणत्या परगण्याचा वसूल किती आला आणि किती थकला याची विचारणा स्वतः करावी, व्यापाराचे भाव जाणून घ्यावेत, ही त्यांची पद्धत होती. पुढील आयुष्यातील यश आणि अपयश या दोहोंचे बीज या एका सवयीत सापडते.

त्यांची पहिली कसोटी १८५७ साली लागली. १ जुलै रोजी सकाळी सादत खानाच्या पुढाकाराने होळकरांच्याच फौजेतील तुकड्यांनी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला. हॅमिल्टन त्या वेळी रजेवर होते आणि त्यांच्या जागी कर्नल ड्युरँड काम पाहत होते. ड्युरँड आपल्या माणसांसह सिहोरच्या दिशेने निघून गेले, महूच्या छावणीतही उठाव झाला आणि बावीस वर्षांचा राजा आपल्याच बंडखोर शिपायांच्या समोर एकटा राहिला. राजवाड्यात आश्रयास आलेल्या ख्रिस्ती लोकांना आपल्या हवाली करावे, ही शिपायांची मागणी महाराजांनी नाकारली. काही दिवसांनी बंडवाले खजिन्यासह उत्तरेकडे निघून गेले. महाराजांच्या अंतःकरणात त्या वेळी काय होते, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. ड्युरँड यांचा संशय अखेरपर्यंत फिटला नाही आणि त्या संशयाची छाया दरबारावर दीर्घकाळ राहिली. इतर काही संस्थानिकांना निष्ठेबद्दल मुलूख मिळाला; होळकरांच्या पदरी तसे इनाम पडले नाही.

तथापि या घटनेतून महाराजांना दोन गोष्टी उमगल्या असाव्यात, असे त्यांच्या पुढील वर्तनावरून दिसते. पहिली ही की, ज्या फौजेवर घराण्याचा मान उभा होता तीच फौज धन्याचे न ऐकता त्याला संकटात घालू शकते. दुसरी ही की, इंग्रजांच्या मर्जीवर विसंबून संस्थानाचे भवितव्य सुरक्षित राहणार नाही. बळ वाढवावयाचे तर ते खजिन्याचे, उद्योगाचे आणि बांधीव कारभाराचे असले पाहिजे. १८५७ नंतरची त्यांची सारी धडपड या दिशेने झालेली आढळते.

प्रथम त्यांनी मुलखाची बांधणी हाती घेतली. होळकरांचा प्रदेश एकसंध नव्हता. दक्षिणेत विखुरलेली वतने होती, तर निमाडातील काही परगणे इंग्रजांच्या हाती होते. १८६० ते १८७० या दशकात अदलाबदलीचे करार होऊन दूरच्या जमिनी सोडण्यात आल्या आणि त्यांच्या मोबदल्यात बडवाह, कसरावद, मंडलेश्वर यांसारखे नर्मदेकाठचे परगणे संस्थानास मिळाले. दक्षिणेतील जुन्या जागांशी घराण्याच्या उगमाच्या आठवणी निगडित होत्या. त्या सोडणे भावनेच्या दृष्टीने सोपे नव्हते. परंतु दूरच्या मानापेक्षा जवळचा, सलग आणि देखरेखीखाली राहणारा मुलूख महाराजांना अधिक मोलाचा वाटला. याच सुमारास, १८६५ साली, जमिनीची पाहणी करून नवी आकारणी करण्याचे कामही सुरू झाले.

त्यानंतरचा त्यांचा उपक्रम अधिक धाडसाचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात हिंदुस्थानच्या कापसाला विलक्षण भाव आला. युद्ध थांबताच भाव कोसळले. माळवा आणि निमाड हा कापसाचा मुलूख; कच्चा माल परदेशी जाणार आणि कापड होऊन परत येणार, या व्यवहारात नफा कोणाचा होतो हे हिशेबी राजाच्या ध्यानात आले नसते तरच नवल. १८६६ साली त्यांनी इंदुरात सरकारी खर्चाने कापडाची गिरणी उभारण्याचे ठरविले. त्या वेळी रेल्वे इंदूरपर्यंत आलेली नव्हती. विलायतेहून मुंबईस उतरलेली यंत्रे आगगाडीने खांडव्यापर्यंत येत आणि तेथून पुढे बैलगाड्यांनी व हत्तींच्या साह्याने नर्मदा ओलांडून, विंध्याचा घाट चढून इंदुरात आणावी लागत. १८७०–७१ च्या सुमारास गिरणी चालू झाली आणि १८८३ मध्ये तिला दुसऱ्या गिरणीची जोड मिळाली. एखाद्या संस्थानाने स्वतः मालक होऊन कापडगिरणी चालवावी, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. राजाने व्यापाऱ्याचा धंदा करावा काय, असा प्रश्न जुन्या वळणाच्या मंडळींना पडणे साहजिक होते. महाराजांनी मात्र त्यात कमीपणा मानला नाही.

यंत्रे वाहून आणताना जी यातायात झाली तिनेच पुढच्या कामाची निकड पटविली. माळव्याचा कापूस, अफू आणि धान्य बाजारात न्यावयाचे तर खांडव्याशी लोहमार्गाने जोडले जाणे अपरिहार्य होते. या मार्गासाठी महाराजांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊ केले. व्याजाचा दर दरसाल साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे आणि ठराविक मर्यादेपलीकडील नफ्यात निम्मा वाटा, अशा स्वरूपाचा हा करार १८७० च्या सुमारास झाला. रेल्वेच्या जमिनीवरील अधिकार इंग्रज सरकारकडे सोपवावे लागले, हे या व्यवहाराचे उणे अंग होते. परंतु ज्या सरकारने पूर्वी होळकरांचे हक्क काढून घेतले होते ते सरकार या करारान्वये होळकरांचे ऋणको झाले, ही बाबही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

‘होळकर स्टेट रेल्वे’चे काम सोपे नव्हते. खांडव्यापासून इंदूरपर्यंतचे अंतर सुमारे ८६ मैलांचे. पण मध्ये नर्मदेचे रुंद पात्र आणि त्यापलीकडे विंध्याची उभी चढण. १८७४ च्या डिसेंबरात खांडवा ते सनावद हा पहिला टप्पा खुला झाला. मोरटक्क्याजवळचा नर्मदेवरील पूल १८७६ मध्ये सुरू झाला. कालाकुंड ते पातालपाणी हा घाट बोगदे खोदून आणि अतिशय चढाचा मार्ग बांधून पार करावा लागला. १८७८ पर्यंत संपूर्ण मार्ग वाहता झाला. त्यापुढील उत्तरेच्या मार्गांसाठी ग्वाल्हेरच्या शिंद्यांनीही कर्ज दिले आणि माळवा मुंबईशी व राजपुतान्याशी जोडला गेला. छावणीच्या आणि अफूच्या व्यापाराच्या आधारे वाढलेले इंदूर कापसाची मोठी बाजारपेठ होण्याचा पाया येथे घातला गेला.

गिरणी आणि रेल्वे ही डोळ्यांना दिसणारी कामे झाली. त्यांहून अवघड काम कचेरीतले होते. जुन्या कारभारात पद हे बहुधा घराण्याकडे असे, अधिकाराच्या सीमा स्पष्ट नसत आणि न्याय, वसूल व फौज यांचे धागे एकमेकांत गुंतलेले असत. ही गुंतागुंत सोडविण्यासाठी महाराजांनी बाहेरचा माणूस आणण्याचे ठरविले. तंजावरच्या मराठी परंपरेत वाढलेले सर टी. माधवराव त्रावणकोरच्या दिवाणगिरीमुळे सर्व हिंदुस्थानात नावाजले होते. १८७३ साली ते इंदूरचे दिवाण झाले. दरबारातील कोणत्याही गटाशी त्यांचा पूर्वसंबंध नव्हता, ही त्यांच्या नेमणुकीतील मोठी जमेची बाजू होती. न्यायखात्याची रचना, लेखी नियम आणि अधिकाऱ्यांच्या कामाची वाटणी यांकडे त्यांनी लक्ष घातले. परंतु बडोद्यास मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यानंतर १८७५ मध्ये माधवरावांना तिकडे जावे लागले. त्यांच्या जागी त्यांचेच आप्त आर. रघुनाथराव आले व त्यांनी तेच धोरण पुढे चालविले. दिवाण बदलला तरी धोरण बदलले नाही, ही इंदूरच्या दरबारात नवी गोष्ट होती.

जुन्या मंडळींना महाराजांनी सरसकट दूर केले असे मात्र नाही. बक्षी खुमानसिंग यांच्यासारखे दरबारचे जुने मानकरी नव्या व्यवस्थेतही जबाबदारीच्या जागी राहिले. १८७० साली शहराची पहिली नगरपालिका स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते. जुन्या माणसाला नवे काम देऊन बदलात सामील करून घेणे आणि ज्या कामाला जुना माणूस पुरेसा नाही तेथे बाहेरून जाणकार आणणे, असे हे दुहेरी धोरण होते.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गिरणी, रेल्वेचे कर्ज, इमारती आणि वाढता खजिना यांचा अंतिम भार रयतेवर पडत होता. नव्या जमीन-आकारणीचे दर चढे असल्याची तक्रार समकालीन इंग्रज अधिकाऱ्यांनी पुनःपुन्हा केली. त्या टीकेत त्यांचा जुना आकस मिसळलेला असला तरी ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येत नाही. अफूचा आणि कापसाचा भाव तेजीत असताना ठरविलेला सारा मंदीच्या वर्षी शेतकऱ्यास जड जाणारच. बदलाचा हिशेब मांडताना कचेरीतील वह्यांत नफ्याचा आकडा स्पष्ट दिसतो. पाटाच्या टोकाला असलेल्या गावातील कुणब्याची ओढाताण त्या वहीत उमटत नाही. स्वतः हिशेब पाहणाऱ्या राजालाही ही मर्यादा चुकली नाही.

दुसरी उणीव त्यांच्या गुणातूनच निर्माण झाली होती. प्रत्येक बाब स्वतः पाहण्याच्या सवयीमुळे कारभाराला वेग आणि काटकसर लाभली. पण त्यामुळेच अनेक निर्णय एका व्यक्तीच्या इच्छेशी बांधले गेले. दिवाण कर्तबगार होते, तरी त्यांच्या अधिकाराची सीमा अखेर महाराजांच्या मर्जीवर अवलंबून होती. वारसाला कारभारात मुरवून घेण्याचे काम ज्या तडफेने गिरणी उभारली त्या तडफेने झाले नाही.

१८६१ साली ‘स्टार ऑफ इंडिया’चा किताब आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात बादशाहीच्या सल्लागाराचे पद असे मान त्यांना मिळाले. संशयाच्या वर्षांनंतर मिळालेल्या या मानाचे राजकीय महत्त्व होतेच. १७ जून १८८६ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी इंदूर संस्थानाचे पहिले टपाल तिकीट निघाले, त्यावर त्यांचीच मुद्रा होती.

त्यांच्या पश्चात जे घडले त्यातून त्यांच्या कार्याची खरी परीक्षा होते. पुत्र शिवाजीराव गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीत होळकर कॉलेजसारखी मोलाची संस्था उभी राहिली. परंतु कारभारातील विस्कळीतपणा वाढत गेला आणि १९०३ साली त्यांना अल्पवयीन पुत्रासाठी गादी सोडावी लागली. एका व्यक्तीच्या देखरेखीवर जे चालले होते ते त्या व्यक्तीबरोबर सैल झाले. जे करारात, नियमात किंवा स्वतंत्र मंडळात बांधले गेले होते ते मात्र टिकले. रेल्वे धावत राहिली, नगरपालिका चालू राहिली आणि गिरणीने घातलेल्या पायावर विसाव्या शतकात मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल, कल्याणमल मिल अशी गिरण्यांची रांग उभी राहिली. हजारो कुटुंबांचा चरितार्थ त्यांवर चालला.

काळाने पुढे याही रचनेला स्पर्श केला. १९४८ साली होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली आणि तिच्या कामगारांची थकलेली देणी हाती येण्यास २०२३ साल उजाडले. त्याच वर्षाच्या आरंभी महू ते ओंकारेश्वर रोड या जुन्या मार्गावरील मीटर गेजची नियमित वाहतूक रुंद मार्गाच्या कामासाठी थांबली. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी बदल घडविला त्या संस्थांनाच बदलाला सामोरे जावे लागले आणि त्यांतील काहींना ते पेलले नाही. गिरणी बंद पडण्याच्या वेळी कामगाराने जे भोगले त्याचे नाते आकारणीच्या ओझ्याखालील जुन्या कुणब्याच्या दुःखाशी आहे. बदलाची किंमत बहुधा तो ठरविणाऱ्याच्या दारी येत नाही.

द्वितीय तुकोजीरावांचे चरित्र आजही वाचण्याजोगे आहे ते या सर्व गोष्टींसाठी. वारशाने आलेली संस्था जशीच्या तशी जतन करणे त्यांना शक्य नव्हते, कारण तिचे मूळ प्रयोजनच संपले होते. ती मोडून टाकणेही त्यांच्या मनास मानवणारे नव्हते. त्यांनी घराण्याचे नाव राखले आणि उद्योग बदलला. दूरचा मान सोडला आणि जवळचा मुलूख सावरला. जुन्या माणसांना नवी कामे दिली आणि नव्या कामांना नवी माणसे आणली. जेथे त्यांनी नियमाला आपल्याहून मोठे होऊ दिले तेथे त्यांचे काम त्यांच्यामागे उरले. पिढ्यानुपिढ्या चालणाऱ्या संस्थांचा भार ज्यांच्या खांद्यावर येतो, अशा कार्यकर्त्यांना आणि आश्रयदात्यांना इंदूरच्या या राजाच्या जमाखर्चातून दोन्ही बाजूंचे शिकण्यासारखे पुष्कळ आहे.